खताईच्या शोधांत : बेंतो द गोइशचा मध्य आशियांतील प्रवास

एकाच देशाला दोन नांवें असलीं आणि तीं दोन निरनिराळ्या वाटांनीं लोकांच्या कानीं पडलीं, म्हणजे केवढा घोटाळा उडतो याचें एक विलक्षण उदाहरण सतराव्या शतकाच्या आरंभीं घडलेल्या एका प्रवासांत सांपडतें. चीन हें नांव हिंदुस्थानांत फार जुनें आहे. महाभारतांतही चीन लोकांचा उल्लेख येतो. समुद्रमार्गानें पूर्वेकडे गेलेल्या पोर्तुगीज नाविकांच्या कानांवर हेंच नांव पडलें. परंतु खुष्कीच्या वाटेनें, म्हणजे इराण व तुर्कस्तान यांमधून, जे व्यापारी पूर्वेस जात, ते त्याच देशाला 'खता' किंवा 'खताई' म्हणत. दहाव्या शतकापासून बाराव्या शतकापर्यंत उत्तर चीनच्या कांहीं भागावर खितान नांवाच्या लोकांचें राज्य होतें. त्यांच्यावरून हें नांव पडलें. रशियन भाषेंत चीनला आजही 'किताय' असेंच म्हणतात. तेराव्या शतकांत मार्को पोलो खुष्कीनें गेला, तेव्हां त्यानें हेंच नांव ऐकलें आणि तें 'कॅथे' या रूपानें युरोपांत रूढ झालें. त्या देशाची राजधानी खानबालिक, म्हणजे खानाचें नगर, हिचें त्यानें केलेलें वर्णन पुढें तीनशें वर्षें युरोपांतील वाचकांच्या मनांत घर करून राहिलें.

पोर्तुगीज लोक १५१३ मध्यें चीनच्या किनाऱ्यास लागले, आणि १५५७ च्या सुमारास मकाव येथें त्यांची वसाहत झाली. पण आपण ज्या देशाच्या दाराशीं येऊन बसलों आहों, तोच मार्को पोलोचा कॅथे, हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. युरोपांत छापलेल्या नकाशांवर चीनच्या उत्तरेस कॅथे हा एक स्वतंत्र देश दाखविण्याची चाल पडली होती. या समजुतीवर पहिला घाव घातला तो मात्तेओ रिच्ची या इटालियन जेझुइटानें. चीनमध्यें राहून, तेथील भाषा आत्मसात करून तो १६०१ मध्यें पेकिंग येथें पोंचला. पेकिंगचे अक्षांश मोजून पाहतां ते चाळीसच्या आसपास भरले. नकाशावरील खानबालिक त्याहून पुष्कळ उत्तरेस दाखविलेलें असे. शिवाय खुष्कीनें पेकिंगला आलेले मुसलमान व्यापारी त्याला तेथें भेटले, आणि या शहरास आम्ही खानबालिक व या देशास खता म्हणतों, असें त्यांनीं त्याला सांगितलें. चीन आणि कॅथे हे दोन देश नव्हेत, एकच होत, असें रिच्चीनें हिंदुस्थानांतील आपल्या बांधवांस कळविलें.

हिंदुस्थानांतील जेझुइटांना मात्र हें पटेना. अकबराच्या दरबारीं असलेला जेरोनिमो शाव्हिएर याला लाहोर येथें १५९८ मध्यें एक वृद्ध मुसलमान व्यापारी भेटला होता. आपण खताईंत बरींच वर्षें राहिलों असून तेथें ख्रिस्ती लोक व त्यांचीं देवालयें पुष्कळ आहेत, असें तो म्हणाला. बौद्ध मठ, तेथील मूर्ति, दीप आणि घंटा यांवरून त्याचा हा समज झाला असावा. परंतु ज्याअर्थीं रिच्चीला चीनमध्यें असा ख्रिस्ती समाज आढळला नाहीं, त्याअर्थीं खताई हा देश निराळाच असला पाहिजे, असें अनुमान गोव्यांत निघालें. गोव्याच्या जेझुइटांचा निरीक्षक निकोलाव पिमेंता यानें हा विषय रोमपर्यंत आणि राजापर्यंत पोंचविला. पोर्तुगालचें राज्य त्या वेळीं स्पेनच्या फिलिपच्या हातीं होतें. राजाज्ञा झाली, आणि गोव्याचा व्हाइसरॉय आयरेश द साल्दान्य यानें खर्चाची तजवीज केली. यांत केवळ धर्मप्रसाराचा हेतु नव्हता. गोव्याहून चीनला जावयाचें तर मलाक्कावरून मकावपर्यंत समुद्राचा लांबचा फेरा पडे, आणि त्याच समुद्रावर आतां डच लोक उतरूं लागले होते. त्यांची ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्येंच स्थापन झाली. लाहोरहून खताईला जवळची खुष्कीची वाट सांपडली, तर ती सर्वांनाच हवी होती.

या कामगिरीसाठीं निवडलेला माणूस विद्वान् धर्मगुरु नव्हता. बेंतो द गोइश याचा जन्म १५६२ मध्यें अटलांटिक महासागरांतील अझोर्स बेटांवर झाला. तो हिंदुस्थानांत आला तो शिपाई म्हणून. पुढें गोव्यास त्यानें जेझुइट संघांत प्रवेश केला, पण धर्मगुरूची दीक्षा न घेतां सेवाबंधु म्हणूनच तो अखेरपर्यंत राहिला. १५९५ मध्यें शाव्हिएरबरोबर तो अकबराच्या दरबारीं गेला. तेथें त्यानें फारसी भाषा उत्तम अवगत केली आणि बादशहाची मर्जी संपादन केली.

याच सुमारास अकबराचें लक्ष दक्षिणेकडे वळलें होतें. १५९६ मध्यें वऱ्हाड निजामशाहीकडून मोगलांकडे आलें, १६०० मध्यें अहमदनगरचा किल्ला पडला, आणि १६०१ च्या आरंभीं खानदेशांतील असीरगड अकबराच्या हातीं आला. 'आईन-इ-अकबरी'मध्यें वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत वाशीमची गणना केलेली आहे. म्हणजे आज वाशीम जिल्ह्यांत मोडणारें आसेगांव आणि त्याच्या भोंवतालचा मुलूख याच उलाढालींत एका सत्तेखालून दुसऱ्या सत्तेखालीं गेला. असीरगडच्या विजयानंतर बादशहानें आपला वकील गोव्यास पाठविला, त्याच्याबरोबर गोइशही होता. खानदेशांतून गोव्यापर्यंतच्या या प्रवासानें त्याची योग्यता वरिष्ठांच्या नजरेस आली, आणि खताईच्या शोधाची आज्ञा त्याला मिळाली.

मुसलमानी राज्यांमधून पोर्तुगीजानें उघडपणें जाणें धोक्याचें होतें. आर्मेनियन व्यापारी मात्र ख्रिस्ती असूनही इराणपासून हिंदुस्थानपर्यंत बिनहरकत फिरत. त्यांचा धर्म सर्वांस ठाऊक असे आणि त्यांचा व्यापार सर्वांस हवा असे. म्हणून गोइशनें आर्मेनियनाचा वेष घेतला. दाढी व केंस वाढविले, डोक्यास पागोटें बांधलें, कमरेस तलवार लटकावली, धनुष्य आणि भाता जवळ बाळगला, आणि अब्दुल्ला इसाई हें नांव धारण केलें. या नांवांत 'इसाई' हा शब्द ठेवून त्यानें आपला धर्म लपविला नाहीं, केवळ आपला देश लपविला. अकबरानें त्याला चारशें सोन्याचीं नाणीं आणि वाटेंतील राजांना दाखविण्यासाठीं पत्रें दिलीं. १६०२ च्या अखेरीस तो आग्र्याहून लाहोरला आला. दिलेले चाकर त्यानें तेथें परत पाठविले आणि लाहोरांतच बायकोसह राहणाऱ्या एका खऱ्याखुऱ्या आर्मेनियनास बरोबर घेतलें. त्याचें नांव इसाक. या प्रवासांत लाहोरपासून अखेरपर्यंत गोइशबरोबर राहिलेला मनुष्य हा एवढाच.

१६०३ च्या आरंभीं सुमारें पांचशें माणसांचा एक काफिला लाहोरहून काबूलला निघाला, त्यांत हे दोघे सामील झाले. अटकेवरून सिंधु ओलांडून ते पेशावरला आले. पुढील घाटांत लुटारू कड्यांवरून दगड लोटीत. त्यांच्यापासून रक्षण व्हावें म्हणून चारशें शिपायांचा पहारा बरोबर घ्यावा लागला. काबूलला पोंचतांच बरोबरचे दोन ग्रीक सोबती मागें राहिले; एक धर्मगुरु होता, तो हाय खाऊन परतला, आणि दुसरा व्यापारी होता, तो धंद्यासाठीं थांबला. काबूलमध्यें गोइशला काशगरच्या राजाची बहीण भेटली. ती मक्केची यात्रा करून परत येत असतां वाटेंत लुटली गेली होती. गोइशनें आपला कांहीं माल विकून तिला सुमारें सहाशें सोन्याचीं नाणीं उसनीं दिलीं आणि व्याज घेण्याचें नाकारलें. ही उदारता पुढें त्याच्या फार उपयोगी पडली.

काबूलहून उत्तरेस हिंदुकुश ओलांडून काफिला बदक्शानांत शिरला आणि तेथून पामीरच्या पठारावर चढला. या पठाराची उंची इतकी, कीं तेथें हवा विरळ होऊन माणसांस आणि जनावरांस श्वास पुरत नाहीं. त्या काळीं या विकाराचें कारण थंडी किंवा दूषित वारा समजत. गोइशनें आपल्या पत्रांत लिहिलें आहे, कीं येथें घोडे पटापट मरतात, आणि उपाय म्हणून माणसें लसूण, कांदे व सुकविलेलीं सफरचंदें खातात व घोड्यांच्या हिरड्यांना लसूण चोळतात. त्याचेही घोडे या वाटेवर मेले. पुढें एका नदीच्या कांठानें जातांना इसाक पाण्यांत पडला आणि गारठून कित्येक तास मृतवत् पडून राहिला. गोइशनें शुश्रूषा करून त्याला शुद्धीवर आणलें. १६०३ च्या नोव्हेंबरांत ते यारकंदला पोंचले.

यारकंद ही काशगरच्या राज्याची राजधानी. काबूलहून आलेला काफिला येथें विसर्जित होई आणि खताईला जाणारा निराळा काफिला येथेंच जमे. या व्यापाराची रचना समजून घेण्यासारखी आहे. चीनच्या मिंग बादशहांनीं खुष्कीचा खुला व्यापार बंद ठेवला होता. परदेशी माणूस आंत येऊं शके तो केवळ एखाद्या राजाचा वकील म्हणून, बादशहास नजराणा घेऊन. म्हणून व्यापारी वकील बनत. काफिल्याचें नायकपण काशगरच्या राजाकडून मोठी रक्कम देऊन विकत घ्यावें लागे. मग तो नायक बहात्तर व्यापाऱ्यांना निरनिराळ्या राज्यांचे वकील म्हणून नेमी, त्यांच्याकडून पैसे घेई आणि त्या त्या राजांच्या नांवांचीं बनावट पत्रें तयार करवी. नजराण्यांत मुख्य वस्तु म्हणजे यशब, ज्याला इंग्रजींत जेड म्हणतात, तो हिरवट दगड. एक प्रकारचा यशब खोतानच्या नदींत बुडी मारून काढीत, आणि दुसरा डोंगरांतून खणून काढीत. चिनी लोक त्याला सोन्याहून मौल्यवान् मानीत. ही सर्व बनवाबनवी पेकिंगच्या दरबारासही पुरती ठाऊक होती. परंतु दूरदूरचे राजे आपणांस नजराणे धाडतात, हा देखावा दरबाराला हवा होता, आणि नजराण्याच्या मोबदल्यांत मिळणारें रेशीम व्यापाऱ्यांना हवें होतें.

काबूलला दिलेलें कर्ज वसूल करण्यासाठीं गोइश खोतानला गेला, कारण त्या राजकन्येचा मुलगा तेथें राज्य करीत होता. त्याला परत येण्यास उशीर झाला तेव्हां तो मारला गेला अशी आवई यारकंदमध्यें उठली, आणि इसाक शोक करीत बसला. पण गोइश सुखरूप परतला. कर्जाची फेड त्याला उत्तम प्रतीच्या यशबांत मिळाली होती. चीनच्या वाटेवर त्याहून चांगलें चलन दुसरें नव्हतें. काफिल्यांतील वकिलांच्या यादींत त्यानें आपलें नांव घालून घेतलें. तरी काफिला निघण्यास एक वर्ष लागलें. १६०४ च्या नोव्हेंबरांत यारकंद सोडून ते तकलामकानच्या वाळवंटाच्या उत्तर कडेनें अक्सू, कुचा या गांवांवरून चालिश येथें आले. आजच्या नकाशांत हें ठिकाण काराशहर या नांवानें सांपडतें.

ज्या प्रश्नासाठीं हा सारा खटाटोप चालला होता, त्याचें उत्तर चालिशमध्यें मिळालें, आणि तेंही अगदीं अकल्पितपणें. पेकिंगहून परतणारा एक काफिला तेथें आला. त्यांतील व्यापारी पेकिंगला परदेशी वकिलांसाठीं राखलेल्या वाड्यांत उतरले होते, आणि त्याच वाड्यांत त्या वेळीं रिच्ची व त्याचे सोबती यांसही ठेवलें होतें. व्यापाऱ्यांनीं त्यांचें वर्णन केलें, त्यांनीं बादशहास दिलेल्या नजराण्यांची हकीकत सांगितली, आणि एक कागदाचा तुकडा दाखविला. त्यावर पोर्तुगीज भाषेंत कांहीं लिहिलेलें होतें. केरांतून उचललेला तो तुकडा नवलाची वस्तु म्हणून आपल्या मुलखांतील लोकांना दाखविण्यासाठीं ते घेऊन चालले होते. गोइशला आणखी पुराव्याची गरज उरली नाहीं. खताई म्हणजेच चीन, आणि खानबालिक म्हणजेच पेकिंग. रिच्चीचें म्हणणें खरें ठरलें.

आतां काफिल्याची वाट पाहत बसण्यांत अर्थ नव्हता. चालिशच्या अधिकाऱ्याकडून परवाना घेऊन गोइश थोड्या सोबत्यांनिशीं पुढें निघाला. तुर्फान आणि हामी मागें टाकल्यावर चीनच्या भिंतीपर्यंतचा मुलूख निर्जन आणि लुटारूंच्या टोळ्यांनीं ग्रासलेला होता, म्हणून रात्रींच चालावें लागे. एके रात्रीं गोइश घोड्यावरून पडला, आणि पुढें गेलेल्यांना तें मुक्कामावर पोंचेपर्यंत कळलेंच नाहीं. इसाक एकटा अंधारांत मागें फिरला आणि प्रार्थनेच्या आवाजावरून त्यानें आपल्या मालकास शोधून काढलें. जियायू खिंडींतील भिंतीच्या दरवाजाशीं परवान्यासाठीं ते कित्येक दिवस अडकून पडले. अखेर १६०५ च्या शेवटीं ते आंतील पहिल्या शहरीं, सुचौ येथें पोंचले. आज त्याला जिउच्वान म्हणतात.

येथून पेकिंग अद्यापि शेंकडों कोस दूर होतें, आणि परवान्यावांचून पुढें पाऊल टाकतां येत नव्हतें. गोइशनें रिच्चीला पत्र लिहिलें. पण त्याला चिनी लिपि येत नव्हती, आणि रिच्चीचें चिनी नांवही ठाऊक नव्हतें. युरोपीय अक्षरांत पत्ता लिहिलेलें तें पत्र पोंचलें नाहीं. १६०६ मध्यें पाठविलेलें दुसरें पत्र त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत रिच्चीच्या हातीं पडलें. त्यानें ताबडतोब जोआंव फर्नांदिश हें पोर्तुगीज नांव धारण केलेल्या एका चिनी ख्रिस्ती तरुणास सुचौला पाठविलें. वाटेंत त्याचा चाकरच त्याला लुबाडून पळाला. तरीही तो तरुण १६०७ च्या मार्चअखेर सुचौला पोंचला. तोंवर गोइशची सर्व पुंजी तेथील खर्चांत आणि कर्जांत संपली होती, आणि तो अंथरुणास खिळला होता. फर्नांदिशनें पोर्तुगीज भाषेंत हांक मारतांच त्याचे डोळे भरून आले. कित्येक वर्षांत ती भाषा त्याच्या कानीं पडली नव्हती. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, ११ एप्रिल १६०७ रोजीं, तो वारला.

गोइश आपल्या प्रवासाची तपशीलवार रोजनिशी ठेवीत असे. तींत वाटेंतील गांवें, अंतरें आणि लोकांचे आचार यांबरोबर, कोणत्या व्यापाऱ्याला किती रक्कम उसनी दिली याच्याही नोंदी होत्या. तो मरतांच ऋणको व्यापाऱ्यांनीं ती वही फाडून टाकली. वाटेंत मेलेल्या माणसाचा माल काफिल्यानें वांटून घ्यावा, अशी त्यांची रूढि होती. तिचा आधार घेऊन त्यांनीं इसाकलाही मुसलमान ठरविलें आणि आपल्या कबजांत घेतलें. फर्नांदिशनें चिनी न्यायाधीशापुढें फिर्याद केली. इसाक हा आपला मामा आहे, असें त्यानें बेधडक सांगितलें. खटला पांच महिने चालला. अखेर एके दिवशीं भर न्यायसभेंत फर्नांदिशनें डुकराच्या मांसाचा तुकडा काढला, आणि दोघांनींही तो खाऊन दाखविला. इसाक मुसलमान नाहीं, हें त्यावरून सिद्ध झालें. सभेंत हंशा पिकला आणि निकाल त्यांच्या बाजूनें लागला.

रोजनिशीचे जे चिटोरे हातीं लागले ते घेऊन दोघे पेकिंगला गेले. रिच्चीनें ते चिटोरे, गोइशचीं पत्रें आणि इसाकच्या तोंडची हकीकत यांची जुळणी करून या प्रवासाचा वृत्तांत लिहिला. रिच्ची १६१० मध्यें वारला. त्याच्या ग्रंथाचें लॅटिन रूपांतर निकोला त्रिगो यानें १६१५ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि त्यांतून युरोपास ही कथा कळली. म्हणजे मार्को पोलोनंतर तीनशें वर्षांनीं ही वाट चालून गेलेल्या युरोपीय प्रवाशाबद्दल जें ज्ञान आज उपलब्ध आहे, त्याचा बराच मोठा भाग एका आर्मेनियन सोबत्याच्या स्मरणशक्तीवर उभा आहे. या वृत्तांतांतील गांवांचीं नांवें कोठें अस्पष्ट, कोठें मागेंपुढें झालेलीं आहेत, तारखाही नीट जुळत नाहींत. त्याचेंही कारण तेंच.

या प्रवासाचें फळ काय, असें विचारलें तर उत्तर दुहेरी आहे. खुष्कीची सोपी वाट सांपडली नाहीं. समुद्रमार्गानें कांहीं महिन्यांत होणाऱ्या प्रवासाला येथें चार वर्षें लागलीं, आणि त्यांत एका माणसाचा बळी पडला. म्हणून ती वाट पोर्तुगीजांनीं पुढें अवलंबिली नाहीं. दुसऱ्या बाजूनें, कॅथे हा निराळा देश आहे ही समजूत निराधार ठरली. तरीही युरोपांतील नकाशांवरून तें नांव लगेच पुसलें गेलें नाहीं. कित्येक नकाशाकार पुढेंही पुष्कळ वर्षें चीनच्या उत्तरेस तो कल्पित देश काढीतच राहिले. एकदां कागदावर चढलेली चूक उतरविण्यास किती काळ लागतो, हेंही यावरून दिसून येतें.

राहिला इसाक. रिच्चीनें त्याला मकावला पाठविलें आणि तेथून तो जहाजानें हिंदुस्थानाकडे निघाला. सिंगापूरच्या सामुद्रधुनींत डचांनीं तें जहाज पकडलें. तेथूनही सुटून तो मलाक्क्यास पोंचला. तेथें त्याला कळलें, कीं लाहोरास मागें ठेवलेली आपली बायको मरण पावली. मग तो मोगलांच्या मुलखांत परत गेलाच नाहीं. तो चौलला आला आणि तेथेंच राहिला. त्रिगोचा ग्रंथ छापला गेला तेव्हां तो चौललाच हयात असल्याचें त्यांत नमूद आहे.

चौल हें त्या काळीं कोंकणच्या किनाऱ्यावरील एक नामांकित बंदर होतें. दहाव्या शतकांत अल् मसूदी हा अरब प्रवासी येथें आला होता, आणि पंधराव्या शतकांत निकितिन हा रशियन व्यापारी येथेंच उतरून जुन्नरमार्गें बेदरला गेला. पोर्तुगीजांचें चौल म्हणजे कुंडलिकेच्या मुखाशीं असलेलें आजचें रेवदंडा. १७४० मध्यें तें मराठ्यांच्या ताब्यांत आलें. आज रायगड जिल्ह्यांत, अलिबागच्या दक्षिणेस, तेथें पोर्तुगीज तटबंदीचे आणि देवालयांचे अवशेष नारळीपोफळींच्या बागांमध्यें उभे आहेत. पामीरचें बर्फ, यारकंदचा बाजार आणि चीनची भिंत पाहून आलेल्या, आणि आपल्या मालकाचा प्रवास जगास सांगणाऱ्या त्या आर्मेनियन माणसानें आपलें उर्वरित आयुष्य घालविण्यासाठीं याच किनाऱ्याची निवड केली.